साहित्य आले, प्रशिक्षण झाले, तरी मृत्यू का घटत नाहीत? लहान प्रसूतिगृहातील सेवेच्या दर्जाविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लहान रुग्णालयात महिन्याला दीडशेच्या आसपास बाळंतपणे होतात. घरी होणारी बाळंतपणे जवळजवळ थांबली आहेत, कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणे झाली आहेत, बरीचशी उपकरणेही मिळाली आहेत. तरी माता आणि नवजात बाळांच्या मृत्यूंचे आकडे जागचे हललेले नाहीत. मनुष्यबळ वाढणार नाही, निधीही बेताचाच राहील. अशा स्थितीत सेवेचा दर्जा सुधारण्याची सुरुवात कोठून करावी?

माझे उत्तर असे की सुरुवात प्रसूतिकक्षाच्या भिंतीवरील घड्याळापासून करावी. धोक्याचे लक्षण दिसल्यापासून पहिली योग्य कृती होईपर्यंत किती मिनिटे गेली आणि ती नेमकी कशात गेली, हे ज्या रुग्णालयाला सांगता येत नाही, तेथे नव्या उपकरणांनी आणि नव्या फलकांनी फारसा फरक पडत नाही. दर्जा या शब्दाखाली इमारतीच्या रंगरंगोटीपासून रुग्णाच्या समाधानापर्यंत पुष्कळ काही येते आणि त्यातले काही निरर्थक आहे असेही नाही. पण मृत्यू टाळणे हा हेतू असेल, तर बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, उच्च रक्तदाबामुळे येणारे झटके आणि जन्मताच श्वास न घेणारे बाळ हे तीन प्रसंग आधी पाहावेत, कारण या तिन्हींचा निकाल मिनिटांत लागतो.

१९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या संशोधकांनी मातामृत्यूंमागील विलंबाचे तीन टप्पे मांडले: उपचार घ्यायचे हे ठरवण्यातला विलंब, रुग्णालयापर्यंत पोहोचण्यातला विलंब, आणि पोहोचल्यानंतर योग्य उपचार मिळण्यातला विलंब. त्यानंतरच्या काळात बहुतेक देशांनी पहिल्या दोन टप्प्यांवर भर दिला. वाहने दिली, अनुदाने दिली, आणि बाळंतपणे खरोखरच रुग्णालयांत येऊ लागली. तिसरा विलंब मात्र दाराच्या आत राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये गरोदरपण व बाळंतपणाशी निगडित कारणांनी सुमारे २ लाख ६० हजार स्त्रियांचा मृत्यू झाला, तर २०२२ मध्ये जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत सुमारे २३ लाख बाळे दगावली. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने आरोग्यसेवेच्या दर्जावर नेमलेल्या आयोगाने दाखवून दिले की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत योग्य उपचारांनी टाळता आले असते अशा मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू सेवा मिळाली नाही म्हणून नव्हे, तर मिळालेली सेवा निकृष्ट होती म्हणून झाले.

उत्तर प्रदेशातील १२० आरोग्य केंद्रांमध्ये झालेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास या कामातील प्रत्येकाने डोळ्यांसमोर ठेवावा असा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीसाठीची तपासणी-सूची तेथे वापरात आणली गेली आणि कर्मचाऱ्यांच्या शेजारी उभे राहून मार्गदर्शन करणारी माणसे नेमली गेली. दीड लाखाहून अधिक माता आणि बाळांचा पाठपुरावा झाला. हात धुणे, रक्तदाब मोजणे, बाळाला आईच्या अंगाशी ठेवणे अशा आवश्यक कृतींचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. मार्गदर्शकांच्या भेटी थांबल्यावर त्यातला काही भाग ओसरला. आणि मृत्यू किंवा गंभीर आजारांच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही. यावरून तपासणी-सूची निरुपयोगी ठरवणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. सूचीमुळे नित्याची कामे सुधारली, पण गुंतागुंत उद्भवल्यावर लागणारे कौशल्य, औषध, रक्त आणि पुढच्या रुग्णालयाशी असलेला संबंध या गोष्टी सूचीच्या आवाक्यात नव्हत्या. रक्तदाब मोजला आणि तो १७०/११० आला, तर त्यानंतर काय, हा प्रश्न सुटल्याशिवाय मोजण्याला अर्थ उरत नाही.

याच्या उलट उदाहरण अतिरक्तस्रावाचे आहे आणि त्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. डोळ्यांनी रक्ताचा अंदाज घेण्याची आपली सगळ्यांची सवय फसवी आहे. चादरीत मुरलेले, जमिनीवर सांडलेले, कापसात शोषलेले रक्त अनुभवी माणसालाही कमीच वाटते, आणि रक्तस्राव जितका जास्त तितका अंदाज अधिक चुकतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासात केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांपैकी निम्म्या रुग्णालयांत बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजले गेले आणि ठरलेली रेषा ओलांडताच सर्व उपचार एकदम सुरू करण्यात आले: गर्भाशयाला मालिश, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारे औषध), ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड (रक्ताच्या गुठळ्या टिकवणारे औषध), शिरेतून द्रव, आणि रक्त कोठून येते आहे याची तपासणी. नेहमीच्या पद्धतीत अतिरक्तस्रावाची जेमतेम निम्मी प्रकरणे ओळखली जात होती. पिशवीमुळे हे प्रमाण ९३ टक्क्यांवर गेले. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडून करावी लागणारी शस्त्रक्रिया किंवा रक्तस्रावाने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले.

या उपचारांपैकी एकही नवा नव्हता. बदलल्या त्या दोनच गोष्टी. ‘आता कृती करायची’ हे ठरवण्याचा भार कोणाच्या अंदाजावर राहिला नाही, तो मोजमापावर गेला. आणि आधी मालिश, मग थांबून पाहणे, मग इंजेक्शन, पुन्हा थांबून पाहणे, ही पायरी-पायरीची पद्धत सोडून सर्व उपचार एकाच झपाट्यात दिले गेले. आपल्या प्रसूतिगृहात त्यासाठी रेषा आधीच ठरवून ठेवावी: ५०० मिलिलिटर झाले की निर्विवाद, आणि ३०० मिलिलिटरवर नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला असेल, तर तेव्हाच. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडचे घड्याळ तर अगदीच काटेकोर आहे. २०१७ च्या वुमन अभ्यासात, ज्यात २० हजारांहून अधिक स्त्रिया होत्या, बाळंतपणानंतर ३ तासांच्या आत दिलेल्या १ ग्रॅम औषधाने रक्तस्रावामुळे होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले. ३ तासांनंतर दिले तर लाभ दिसला नाही.

ऑक्सिटोसिनच्या बाबतीत मात्र एक अडचण कागदावर दिसत नाही. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. ते उन्हात उभ्या गाडीतून आले, आठवडाभर उघड्या टेबलावर राहिले, की कुपीवरची मुदत शिल्लक असली तरी आतली ताकद घटलेली असू शकते, आणि ते ओळखण्याचा कोणताही मार्ग प्रसूतिकक्षात नसतो. ‘इंजेक्शन दिले होते, तरी गर्भाशय आवळले नाही’ अशी नोंद वारंवार दिसू लागली, तर बाळंतिणीच्या आधी शीतकपाटाकडे पाहावे. वीज भरवशाची नसेल तर उष्णता सहन करणारे कार्बेटोसिन हा पर्याय आहे. २०१८ मध्ये १० देशांतील सुमारे ३० हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात रक्तस्राव रोखण्यासाठी ते ऑक्सिटोसिनइतकेच उपयुक्त ठरले. ते प्रतिबंधासाठी आहे, रक्तस्राव सुरू झाल्यानंतरच्या उपचारासाठी नव्हे, हा भेद कर्मचाऱ्यांना स्वच्छ समजावून सांगावा लागतो.

मी काम केलेल्या एका रुग्णालयात औषधे पुरेशी होती. ती कुलूपबंद कपाटात होती आणि किल्ली दिवसपाळीच्या माणसाबरोबर घरी जात असे. रात्री एका बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा किल्ली येईपर्यंत पाऊण तास गेला. ती वाचली, पण तिचे गर्भाशय काढावे लागले. त्या महिन्याच्या अहवालात ‘औषधसाठा उपलब्ध’ या रकान्यात होकार होता आणि तो खोटा नव्हता. तेव्हापासून मी कोठेही गेलो की साठ्याची नोंदवही पाहत नाही. रक्तस्रावाचा ट्रे आणि झटक्यांचा ट्रे कोठे आहे ते विचारतो आणि तो हातात येईपर्यंतचे सेकंद मोजतो.

झटक्यांच्या ट्रेबद्दल बोलायचे, तर मॅग्नेशियम सल्फेटइतके उपयुक्त आणि तरीही इतके दडपून ठेवलेले औषध दुसरे क्वचितच असेल. २००२ च्या मॅगपाय अभ्यासाने दाखवले की त्यामुळे झटके येण्याची जोखीम निम्म्याहून कमी होते. तरीही कित्येक ठिकाणी पहिला डोस न देताच रुग्णाला पुढे पाठवले जाते, कारण श्वास थांबेल ही भीती. ही भीती घालवायला व्याख्यान पुरत नाही, आकडेमोड आधीच करून ठेवणे हाच उपाय आहे. प्रचलित पद्धतीत पहिला डोस एकूण १४ ग्रॅमचा असतो: ४ ग्रॅम शिरेतून सावकाश आणि प्रत्येक नितंबात ५ ग्रॅम. ५० टक्क्यांच्या २ मिलिलिटरच्या कुपीत १ ग्रॅम औषध असते, म्हणजे एकूण १४ कुप्या फोडायच्या, त्यांतील शिरेवाटेच्या ४ कुप्यांचे ८ मिलिलिटर औषध १२ मिलिलिटर शुद्ध पाण्यात मिसळून २० मिलिलिटर करायचे. समोर झटके येणारी स्त्री असताना रात्री दोन वाजता हा हिशेब कोणालाही जमणार नाही. म्हणून १४ कुप्या, सिरिंजा, पाणी आणि ठळक अक्षरांतील मिश्रणाची कृती एकाच डब्यात ठेवावी, आणि त्याच डब्यात उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटही ठेवावे. पुढचा डोस देण्यापूर्वी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, श्वास मिनिटाला १६ किंवा अधिक आहेत आणि लघवी ताशी किमान ३० मिलिलिटर होते आहे, एवढे पाहिले की औषध सुरक्षित असते. उतारा शेजारीच आहे हे दिसले की हात कचरत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता बाळाकडे येऊ. बहुतेक बाळे जन्मताच स्वतःहून श्वास घेतात. काहींना पुसून, पाठ चोळून जागे करावे लागते. आणि शंभरातील तीन ते सहा बाळांना हाताने दाबायची हवेची पिशवी आणि मास्क यांनी श्वास द्यावा लागतो. पहिल्या मिनिटात हा श्वास सुरू व्हावा, असे म्हणतात. हे मिनिट सर्वांना पाठ असते, पण प्रत्यक्षात ते नाक-तोंड पुनःपुन्हा ओढून साफ करण्यात, बाळ उलटे धरण्यात किंवा नळीला ऑक्सिजन जोडण्यात निघून जाते. सुरुवातीला लागते ती फुप्फुसांत जाणारी हवा. साधी खोलीतील हवा बहुतेक बाळांना पुरते. टांझानियातील हायडम येथील अनुभव या संदर्भात फार बोलका आहे. तेथे एका दिवसाच्या प्रशिक्षणानंतर कर्मचाऱ्यांचे बाहुलीवरील कौशल्य उत्तम झाले, पण खऱ्या बाळांवरील उपचारांत बदल झाला नाही. नंतर कामाच्या जागीच थोड्या-थोड्या वेळाचा सराव वारंवार होऊ लागला, तेव्हा पहिल्या २४ तासांतील बाळांचे मृत्यू कमी झाले.

म्हणून प्रशिक्षणासाठी माणसे दूर पाठवण्यापेक्षा एक बाहुली प्रसूतिकक्षाच्या कोपऱ्यात कायम ठेवावी आणि पाळी बदलताना प्रत्येकीने दहा मिनिटे पिशवी-मास्क हाताळावा, असे मी सुचवीन. मास्क चेहऱ्याला नीट चिकटतो का आणि छाती वर येते का, या दोनच गोष्टींवर लक्ष असावे. त्याहून महत्त्वाची, आणि अगदी फुकटची, गोष्ट म्हणजे बाळ बाहेर येण्यापूर्वी ‘बाळाकडे मी पाहीन’ असे एकीने मोठ्याने म्हणणे. दोघीजणी हजर असून दोघीही वार पडण्याची वाट पाहत आहेत आणि बाळ ट्रेमध्ये एकटे आहे, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्यात कोणाच्या निष्काळजीपणापेक्षा कामाच्या वाटणीचा अभाव मला अधिक दिसतो. याच ओघात एक प्रशासकीय तक्रारही नोंदवतो: हात बसलेल्या परिचारिकेची सहा महिन्यांत दुसऱ्या विभागात बदली करणे ही दर्जाची सर्वांत स्वस्तात केलेली नासाडी आहे.

कमी वजनाच्या बाळांसाठी उपकरणांची मागणी नेहमी आधी येते. त्याआधी आईची छाती वापरावी. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे, उबदार पेट्या अपुऱ्या पडत असताना, बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवण्याची कांगारू पद्धत सुरू झाली. पूर्वी बाळ स्थिर झाल्यावरच ती सुरू करत. २०२१ मध्ये घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील अभ्यासाने दाखवले की १ ते १.८ किलोच्या दरम्यान वजन असलेल्या बाळांना जन्मानंतर लगेच, स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या अंगाशी ठेवले तर पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू २५ टक्क्यांनी घटतात. यासाठी आईची खाट नवजात कक्षातच असावी लागते. अडचण जागेपेक्षा अनेकदा ‘येथे नातेवाइकांना प्रवेश नाही’ या पाटीची असते.

अकाली प्रसूतीत फुप्फुसे पक्व होण्यासाठी दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइड इंजेक्शनांबाबत मात्र सावध राहावे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा देशांतील अभ्यासात ही इंजेक्शने प्राथमिक पातळीवर सरसकट पोहोचवली गेली, तेव्हा एकूण नवजात मृत्यू घटण्याऐवजी वाढले. उलट २०२० च्या अभ्यासात, जेथे गर्भाचे वय सोनोग्राफीने नक्की केले होते आणि बाळांची काळजी घेण्याची सोय होती, अशा रुग्णालयांत त्याच औषधाने मृत्यू घटले. औषध एकच असून परिणाम भोवतालच्या व्यवस्थेनुसार बदलतो. तुमच्याकडे गर्भाचे वय खात्रीने कळत नसेल, तर आधी ते जमवावे.

जंतुसंसर्गाबद्दल थोडक्यात सांगतो. डॉक्टर सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नात हात धुण्याने बाळंतरोगाचे मृत्यू उतरतात हे दाखवले. आजही मी पाहिलेल्या अनेक प्रसूतिकक्षांत नळ आहे, पण त्याला पाणी संध्याकाळपर्यंतच असते. पाणी नसेल तर झाकण आणि तोटी असलेली बादली आणि अल्कोहोलचे द्रावण ठेवावे. ते झाल्याखेरीज स्वच्छतेविषयी कोणताही फलक लावू नये.

आदराने वागण्याचा मुद्दा पुष्कळदा सौजन्याच्या खात्यात टाकला जातो, तो तेथून काढून सुरक्षिततेच्या खात्यात घालावा. जिच्यावर ओरडले गेले आहे ती स्त्री ‘मला पुन्हा रक्त जाते आहे’ हे सांगायला कचरते, आणि जिच्याजवळ तिचे कोणी बसलेले नाही तिचे बोलावणे कोणापर्यंत पोहोचत नाही. एका परिचारिकेवर पाच-सहा बाळंतिणींचा भार असतो, तेव्हा प्रत्येकीजवळ तिच्या पसंतीची एक सोबतीण असणे म्हणजे पाच-सहा जोड्या जास्तीचे डोळे मिळण्यासारखे आहे. त्या सोबतिणीला दोनच गोष्टी शिकवाव्यात: पोटावर हात ठेवून गर्भाशय कडक लागते की मऊ, आणि खालचे कापड किती वेळात भिजते.

मोजमापाचा प्रश्न उरतो. महिन्याला दीडशे बाळंतपणे होणाऱ्या जागी मातामृत्यू इतका क्वचित घडतो की त्याच्या आकड्यावरून सुधारणा झाली की नाही हे वर्षभरातही कळत नाही. म्हणून मृत्यूंबरोबरच जवळून टळलेले प्रसंग पाहावेत आणि तीन कालावधी मोजावेत: रेषा ओलांडल्यापासून पहिल्या औषधापर्यंत, उच्च रक्तदाब सापडल्यापासून मॅग्नेशियमपर्यंत, जन्मापासून पहिल्या श्वासापर्यंत. नोंद प्रसंग संपल्यावर लगेच, तेथेच व्हावी. बाळंतपण झाल्यावर बसून भरलेला प्रसूती-आलेख (बाळंतपणाची प्रगती नोंदवण्याचा तक्ता) मी पाहताक्षणी ओळखतो. त्यातील रेषा खऱ्या बाळंतपणापेक्षा फार सरळ असतात. बाळांच्या आकड्यांत एक सापळा आहे, तोही लक्षात ठेवावा. जे बाळ श्वास न घेता गेले, त्याची नोंद अनेक ठिकाणी ‘मृत जन्म’ अशी होते. पिशवी-मास्कचा वापर सुधारला की त्यातली काही बाळे वाचतात आणि काही एक-दोन दिवसांनी दगावतात, त्यामुळे कामात सुधारणा होत असतानाच नवजात मृत्यूंचा आकडा वाढलेला दिसतो. मृत जन्म आणि पहिल्या सात दिवसांतील मृत्यू यांची बेरीज पाहिली, तर ही फसगत टळते.

मृत्यूच्या चर्चेत नाव विचारले गेले की पुढच्या वेळी नोंद बदललेली असते. ‘कोणी केले’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘त्या वेळी खोलीत काय नव्हते’ हे विचारावे. हेतुपुरस्सर केलेल्या हेळसांडीची चौकशी वेगळ्या मार्गाने व्हावी. ती या बैठकीत आणली, तर बैठकच मरते.

जे तुमच्याकडे होणार नाही, म्हणजे शस्त्रक्रिया आणि रक्त, त्यासाठी पुढच्या रुग्णालयाशी आजच बोलणे करून ठेवावे. कोणाला फोन करायचा, रात्री कोण उचलतो, रक्त कोणत्या वेळी मिळत नाही, हे रुग्ण गाडीत असताना शोधण्याचे काम नव्हे. पाठवण्यापूर्वी पहिला डोस, सोबत शिरेतील सुई, गाडीत पिशवी-मास्क वापरता येणारी व्यक्ती, आणि पोहोचल्यावर काय झाले हे उलट कळवण्याची पद्धत, एवढे त्या बोलण्यात ठरावे. पाठवलेल्या स्त्रीचे पुढे काय झाले हे न कळणे ही लहान रुग्णालयांची मोठी उपासमार आहे. शिकायला हवे तेच त्यांच्यापर्यंत परत येत नाही.

तेव्हा पहिल्या महिन्यात फक्त अतिरक्तस्राव घ्यावा. प्रत्येक बाळंतिणीखाली खुणांची पिशवी, दाराजवळ कुलूप नसलेला ट्रे, शीतकपाटात तापमापक आणि आठवड्यातून एकदा, शक्यतो रात्रपाळीत, न सांगता केलेली रंगीत तालीम. दुसऱ्या महिन्यात बाळाचा पहिला श्वास, तिसऱ्यात मॅग्नेशियमचा डबा. तीनही एकदम घेण्याचा मोह होईल, कारण वरून येणाऱ्या तपासणीच्या यादीत ही तिन्ही कामे एकाच पानावर असतात. तालमीच्या रात्री सर्वांत नवख्या परिचारिकेला ट्रे आणायला सांगावे आणि तो तिच्या हातात एका मिनिटाच्या आत आला, तरच पुढच्या विषयाकडे वळावे.